साहेबाचा वाटा

९ नोव्हेंबर, आरमोरी

आजपासून मी झाडीबोली जनपक्षाच्या युवा आघाडीचा तालुकाध्यक्ष. गळ्यात हिरवा दुपट्टा पडला, बस स्टँडपुढे फटाके फुटले आणि फोटोत नेमके माझे डोळे मिटले. तोच फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरतो आहे. डी.एड. होऊन शिकवण्यांवर दिवस काढणाऱ्या माणसाला एवढं कौतुक पचायला जड जातं, पण पचेल.

पक्षाचं म्हणणं सरळ आहे. झाडीबोली ही आमची मायबोली, तिला शाळेत आणि कचेरीत जागा द्या. पहिली-दुसरीची पुस्तकं तिच्यात काढा. आणि आमचा माणूस साहेबापुढे आमच्या बोलीत बोलला म्हणून जो हसेल, त्याच्यावर कारवाई करा. हे शेवटचं कलम माझं. आमचे पक्षाध्यक्ष गोपालभाऊ यांनी माझी पाठ थोपटली आणि मग अस्सल पुस्तकी मराठीत अर्धा तास भाषण केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बॅनरसाठी मी लिहून दिलं होतं, 'आमची बोली आमाले पायजे'. छापून आलं, 'आमची बोली आम्हाला पाहिजे'. प्रेसवाल्याला झापलं तर तो म्हणतो, "चुकलं होतं ना भाऊ, मी सुधरवून देल्लो." जास्तीचे पैसे न देता भाषाशुद्धी झाली, असं ज्योत्स्ना म्हणाली. ही आघाडीची सचिव, वडशाची, एम.ए. करते, जीभ जरा तिखट आहे. तिने विचारलं, डायरी कोणत्या भाषेत लिहिता? म्हटलं, लिहायची भाषा वेगळी, बोलायची वेगळी. ती हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१६ नोव्हेंबर

काल वैरागडकडच्या एका गावात मंडई होती. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, लेकी-जावई, दंडारीचा नाच, आणि दिवस मावळला की नाटक. गोपालभाऊंना घेऊन आम्ही दहा-बारा पोरं दुपट्टे घालून हिंडत होतो. माझी आई मासे घेऊन बसली होती. मी जरा पलीकडच्या रांगेने न्यायचं बघत होतो, पण गोपालभाऊ नेमके तिच्याच समोर थांबले, कारण तिथे भांडण चाललं होतं.

कोणी एक पँटवाला बुटाच्या टोकाने रोहू उलटून बघत भाव विचारत होता. आईने त्याच्या बुटावर सरळ तराजूचं पारडं आपटलं. "पायानं काऊन पलटवतेस गा? तुही बायको ताटात असीच पायानं वाढते का?" आजूबाजूचे सगळे खो खो हसले. गोपालभाऊ तर डोळे पुसायला लागले. म्हणाले, "कोण आहे ही बाई?" मला सांगावंच लागलं. त्यांनी माझा हात धरला. "देवानंद, अरे आपण सगळे मास्तरांसारखे बोलतो. आपला खरा पक्ष तर ही आहे. हिला स्टेजवर आण."

मला अभिमान वाटला. थोडं अवघडल्यासारखंही झालं, पण ते उन्हामुळे असेल.

रात्रीच्या नाटकाला थांबलो नाही. आमच्या नाटकात राजबिंडा नायक पुस्तकी मराठी बोलतो, नायिका पुस्तकी मराठी रडते, आणि आमची बोली बोलतो तो फक्त कॉमेडीवाला. त्याने तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला तयार असतात. लहानपणापासून पाहतो आहे.

२० नोव्हेंबर, मोहबोडी

गावी आलो. आज तलावावर जाळं होतं. आमची सगळी ढीवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, वस्ती या एका तलावावर जगते. पावसाळ्यात मच्छीमार सोसायटी माशांचं बीज सोडते, पाणी उतरेल तसे मासे निघतात, आणि काढलेल्या मासळीचे पाळीवर, तलावाच्या बांधावर, वाटे पडतात.

वाटे पाडायची आमच्याकडे एक रीत आहे. रामाजी, म्हणजे सोसायटीचा म्हातारा अध्यक्ष, पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावतो. मग एक जण ढिगांकडे पाठ करून बसतो. रामाजी एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस घराचं नाव घेतो. कोणाला लहान मासा आला, कोणाला मोठा, तरी भांडण नाही. जाळं ओढायला माणूस नसलेल्या विधवेच्या घरालाही पुरा वाटा. आणि एक ढीग बाजूला, चांगल्या माशांचा, त्यावर कोणाचं नाव घेत नाहीत. तो साहेबाचा वाटा. कधी गार्ड, कधी शिपाई, कधी कोणी पुढारी. ज्याने जाळ्याला हात लावला नाही पण ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा. शाळेत असताना तो पोचवायचं काम माझं असायचं.

मी रामाजीला म्हटलं, मोठेबाबा, हे बंद करा आता. आपला पक्ष आहे. तो म्हणाला, "देऊन टाकाचा बाबू. घरपोच देल्ला का मंग तो पारीवर येत नाई. येत नाई म्हून देते, मान म्हून नाई देत."

जेवायला बसल्यावर आईपाशी विषय काढला. तिने हात झटकला. "मी का बोलू स्टेजवर? मासोरीचा भाव सांगू का?" मग रामाजीच बोलला. तलावाचा ठेका मार्चअखेर संपतो. ब्रह्मपुरीकडचा एक मोठा ठेकेदार दोनदा येऊन पाळीवर फिरून गेला. त्याच्या मागे माणसं आहेत, सोसायटीच्या मागे कोणी नाही.

"तुहा तो भाऊ तलाव वाचवते का?"

म्हटलं, जिल्हा परिषदेवर निवडून आला तर वाचवेलच.

"मंग येईन. पर मी तलावाचाच सांगीन, दुसरा काई सांगनार नाई. आता जेव, भात निवून राह्यला."

हे तिचं नेहमीचं. मी कितीही मोठा झालो तरी भात निवणारच.

४ डिसेंबर

काल पहिली सभा. नुसती नोंद करून भागणार नाही, सगळं लिहितो.

आईला धुतलेलं लुगडं, वर आमचा हिरवा दुपट्टा. माईक तिच्या तोंडापेक्षा उंच होता, तो मी खाली केला. मला वाटलं होतं ठेक्याबद्दल चार वाक्यं बोलेल. तिने बाबांचं मरण सांगितलं.

बाबा गेले तेव्हा मी सातवीत, आरमोरीला वसतिगृहात. मला आणायला माणूस आला तोवर सगळं आटोपलं होतं. आईने मला ती गोष्ट कधी सांगितली नाही आणि मी विचारली नाही. काल ती मी हजार-बाराशे लोकांबरोबर पहिल्यांदा ऐकली. तलावाचं पाणी शेतात सोडायचं जे खालचं दार असतं, तुडुम, ते त्या पावसात काडीकचऱ्याने बुजलं होतं.

"पानी पारीले टेकला होता," आई म्हणाली. "पार फुटती तं धानासकट गाव वाहून जाता. देवानंदचा बाबा तुडुम मोकरा कराले बुडी मारे. मी भात घेऊन पारीवर. एकडाव वरतं आला. दुसऱ्या डावी आला. तिसऱ्या डावी लय वेर झाला, येच ना. मले वाटलं, ह्या मानसाले पान्यात गेलं का घराची यादच राहत नाई. म्या हाका मारल्या, या ना जी वरतं, भात निवून राह्यला!"

इथे लोक हसले. म्हणजे आधीपासून खुसखुस चालली होतीच, पण इथे मंडप फुटला. पुढच्या रांगेतले दोघे एकमेकांच्या अंगावर पडले. आई थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला, तिला वाटलं असेल पदर ढळला. मग पुढचं बोलली, तुडुम सुटलं, धान वाचलं, बाबा दुसऱ्या दिवशी सापडले, आणि हा तलाव त्या माणसाचा आहे. पण तोवर हसू ओसरलं नव्हतं, मागच्यांना ते ऐकू गेलं नसेल.

गोपालभाऊंनी माईक घेऊन शब्द दिला, "या आईचा तलाव कोणी नेऊ शकत नाही. हा माझा शब्द." टाळ्या. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "काय टायमिंग आहे रे बाईचं!"

लोक प्रेमाने हसले. आपली बोली स्टेजवर ऐकायची सवय नाही, आनंद होतो, तो हसण्यातून बाहेर पडतो. माझं तरी असं मत आहे. जीपमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली. दमली असणार.

२३ डिसेंबर

पाच सभा झाल्या. आता लोक आमच्या उमेदवारांना विचारत नाहीत, "बाई येऊन राह्यली का?" हेच विचारतात. गोपालभाऊंनी वडशाच्या एका नाटक कंपनीतला ऑक्टोपॅडवाला भाड्याने आणला आहे. आई पुढे बोलत असते, तो मागे बसून मोक्याच्या जागी वाजवतो. "भात निवून राह्यला" म्हटलं की धाड्-ढिश्. काल आई दचकून मागे वळली, तर लोक आणखी हसले. गोपालभाऊ म्हणाले, हे वळणं रोज ठेवायचं.

आईने मला विचारलं, "तो मांगं काय बडवते गा?" म्हटलं, संगीत आहे, तुझ्या भाषणाला उठाव येतो.

मी काही खोटं बोललो नाही.

२ जानेवारी

क्लिप फिरते आहे. 'या ना जी वरतं', चौदा सेकंद. वरती हसणारे पिवळे चेहरे. आरमोरीत चहाच्या टपरीवर एकाच्या मोबाईलची रिंग म्हणून वाजली. टपरीवाल्याने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. नेत्याचा मुलगा असल्यासारखं वाटलं, जरी नेता माझी आई होती.

५ जानेवारी, मोहबोडी

ती क्लिप आचलने आईला दाखवली. आचल माझी धाकटी बहीण, बारावीला आहे, तिला कधी काय करावं कळत नाही. मी आत आलो तेव्हा आई मोबाईल दोन्ही हातांत धरून बसली होती. तिने तो परत लावायला सांगितला. मग परत.

"हे लोक काऊन हासते, देवानंद?"

म्हटलं, "तुह्या बोलन्याचा कवतिक आहे माय."

"तुहा बाबा मेला त्याचा कवतिक?"

मी समजावलं. बोली, अस्मिता, स्टेजची सवय, सगळं सांगितलं. बोलता बोलता मी पुस्तकी मराठीत कधी गेलो ते कळलं नाही. तिने मध्येच हात वर केला. मला वाटलं आता येणं बंद करेल, आणि खरं सांगायचं तर मला आधी पुढच्या आठवड्यात लागलेल्या चार सभा आठवल्या.

ती म्हणाली, "हासू दे. हासता हासता तलाव देते तं देऊ दे. तुह्या बाबाले त्यानं काई होत नाई आता." मोबाईल आचलला परत दिला आणि भात वाढला. आज भात निवला असं काही म्हणाली नाही. गरमच होता.

किती समजूतदार आहे. शिकली असती तर कुठे असती.

१३ जानेवारी

ज्योत्स्नाने राजीनामा दिला. सगळ्यांसमोर, बैठकीत, चिवड्याची पाकिटं फुटत असताना. गोपालभाऊ नव्हते म्हणून वाचलो.

"भाऊ, त्या बाई नवऱ्याचं मरन सांगते अना मांगं ढिश् वाजते. तुमाले आयकू येत नाई का?"

म्हटलं, लोकांचं प्रेम आहे ते.

"आपल्या बोलीले कोनी हासला तं कारवाई, हे कलम कोनाचं होतं?"

सगळी पोरं चिवडा खायची थांबली. मी म्हटलं, ते कलम कचेरीतल्या साहेबांसाठी आहे, आपल्याच लोकांसाठी नाही. तिने दुपट्टा काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि ती गेली. घडी मात्र व्यवस्थित घातली होती.

तिला तिकीट हवं होतं, मिळालं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आईबद्दल मला शिकवायला ही कोण? माझा बाप, माझी आई. दुःख माझं आहे, ते कसं मांडायचं मी ठरवीन. दिवसभर हेच डोक्यात घोळतं आहे आणि रागाने शिकवणीत दोन पोरांना उगाच बडवलं.

९ फेब्रुवारी

निकाल! आमच्या तेवढ्या जागा आल्या की आमच्याशिवाय कोणाचंच जमेना. गुलाल अजून कानात आहे. गोपालभाऊंनी जीपवर उभं राहून माझ्या आईचं नाव घेतलं. रस्त्यावरची पोरं ओरडत होती, "या ना जी वरतं!" आई विजयाच्या मिरवणुकीला आली नव्हती. जाळं होतं म्हणे.

२६ फेब्रुवारी

युती झाली. गोपालभाऊ सभापती. योगायोग असा की तलाव त्यांच्याच खात्यात. मी मोहबोडीला फोन करून रामाजीला सांगितलं. म्हातारा रडला. आई फोनवर आली. "देल्ला का तलाव?" म्हटलं, दिल्यातच जमा आहे. "देल्ला का जमा आहे?" ती प्रत्येक गोष्ट विळीवर धरते.

पुस्तकांचं विचारलं तर गोपालभाऊ म्हणाले, पहिलीच्या पुस्तकाची समिती नेमू. त्यांची मुलगी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये आहे, तिला झाडीबोली कळत नाही, म्हणून तेही हळहळले.

१५ मार्च

आज गोपालभाऊंनी बंगल्यावर बोलावलं. तिथे ब्रह्मपुरीचा ठेकेदार सोफ्यावर बसला होता. सभ्य माणूस आहे, मला आधी खुर्ची दिली.

गोपालभाऊंचं म्हणणं असं. युती टिकवायची तर तलावाचे ठेके मित्रपक्ष सांगेल त्याला द्यावे लागतील. मोहबोडीचा तलाव ठेकेदाराला जाईल, पण जाळं ओढायला गावातलीच माणसं, रोजीने. बाहेरचा एकही मजूर आणणार नाही. "म्हणजे तलाव गेला का? नाही. काम तेच, पाणी तेच, माणसं तीच. उलट तोट्याची जबाबदारी गेली." आणि मी युवा आघाडीचा जिल्हाध्यक्ष. गडचिरोलीला ऑफिस, बसायला स्वतःची खोली.

मी म्हटलं, भाऊ, तुम्ही स्टेजवर शब्द दिला होता. ते चिडले नाहीत. "दिला होता. म्हणूनच तू जायचं. मी गेलो तर भाषण वाटेल. तू त्यांच्यातला आहेस. त्यांच्या बोलीत समजाव."

परत येताना बसमध्ये सारखा विचार करत होतो. लढलो असतो तर? सोसायटीच्या मागे कोण उभं राहणार होतं? तलाव असाही गेलाच असता. निदान रोजी तरी राहिली, ती मी राखली. हे लोकांना नीट सांगता आलं पाहिजे. लोकांना नीट सांगणं हेच तर माझं काम.

तरी एस.टी. मोहबोडीच्या फाट्यावर थांबली तेव्हा मी उतरलो नाही.

२२ मार्च

अखेर गेलो. तलावाच्या पाळीवर बैठक. सगळी वस्ती बसली होती, बाया एका बाजूला. मी रस्त्याने भाषण पाठ करत आलो होतो, झाडीबोलीत, कारण गोपालभाऊंचं म्हणणं मला पटलं होतं. आपल्या माणसांशी आपल्या बोलीत बोललं की मनाला भिडतं.

"बापाहो, मायबाईहो," मी सुरू केलं, "आपला तलाव कोनी उचलून नेऊन नाई राह्यला. तलाव इथीच राहनार. मासोरी इथीच. तुमीच जारा टाकान, तुमीच ओढान. फक्त ठेका दुसऱ्याच्या नावानं."

डी.एड. झाल्यापासून मी गावात असं बोललो नव्हतो, हे मला बोलताना जाणवलं. शब्द बरोबर होते, पण कोणाचे तरी कपडे अंगात घातल्यासारखे वाटत होते. रामाजीने विचारलं, "अना वाटे? वाटे कोन पाडनार?"

म्हटलं, वाटे नाई मोठेबाबा, आता रोजी. जो ओढंन त्याले.

"जिच्या घरी ओढाले मानूस नाई तिले?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. मी म्हटलं, त्याचा विचार करू, निवेदन देऊ. मागे एक पोरगं फिसकन हसलं. बाकी सगळे तलावाकडे बघत होते. आई बायांमध्ये बसली होती. ती उठली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि देवाशपथ, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती अगदी हळू म्हणाली, "मी हासवलं लोकायले दोन महिने, तुहा बाबा विकून. आता तुही बारी आहे बापा. हासव."

आणि खाली बसली.

मी काय बोललो पुढे, आठवत नाही. बहुतेक पुस्तकी मराठीत बोललो. लाज वाटली, भयंकर वाटली, आणि तिच्यापेक्षा जास्त राग आला. आईवर, रामाजीवर, त्या हसणाऱ्या पोरावर. कोणासाठी करतो मी हे सगळं?

२३ मार्च

ज्योत्स्नाला फोन लावला. तिने उचलला. तिच्या मागे बसचा आवाज येत होता. मग मी ठेवून दिला.

३० मार्च, मोहबोडी

उद्या ठेका संपतो. म्हणून आज सोसायटीचं शेवटचं जाळं. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी गेलो. दुपट्टा खिशात ठेवला. जाळं निघालं होतं तेव्हा पोचलो, म्हणजे हात लावायची वेळ टळली होती. यंदा पाणी लवकर उतरलं, मासळी बख्खळ होती. रोहू, कतला, दोन मरळी तर हाताएवढ्या.

रामाजीने पळसाची पानं मांडली. वाटे लागले. पाठ करून बसायला आज आई बसली. मी तिच्या समोरच्या बाजूला होतो, म्हणजे तिला मी दिसत होतो, ढीग दिसत नव्हते.

"हा कोनाचा?"

"आशाचा."

"हा कोनाचा?"

"जंगूच्या घरचा."

घरामागून घर गेलं. तिचा आवाज एकाच सुरात चालला होता, त्यात ना राग ना काही. आमच्या घराचं नाव आलं तेव्हा ती म्हणाली, "आचलचा." पूर्वी आमचं घर 'देवानंदचा' म्हणून पुकारत. बाबा गेल्यापासून. मी वसतिगृहात असलो, कॉलेजात असलो, सभांमध्ये असलो, तरी पाळीवर माझं नाव निघायचं. कोणी चमकून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, जणू सगळ्यांचं आधीच ठरलं होतं.

पानं रिकामी झाली. बाजूचा एक ढीग तसाच राहिला, बिननावाचा. त्यात त्या दोन मरळी होत्या.

आई वाटा घेऊन पुढे गेली, मग मी घराकडे निघालो. अंगणात मला आचल आडवी आली. हातात पिशवी, वर पळसाची पानं झाकलेली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, हे घेऊन जाजो. मायनं देल्ला." पिशवी जड होती. मी पान बाजूला करून पाहिलं. मरळीचं डोकं वर आलेलं होतं, तोंड अजून हलत होतं.

मी म्हटलं, "मी जेवून जाईन ना आचल."

ती आत गेली आणि दार नुसतं लोटलं, कडी लावली नाही. मी अंगणात उभा होतो. चुलीवरून भाताचा वास येत होता. आत भांड्यांचा आवाज झाला, पाट सरकले, दोन पाट. माय आतच होती. मी बराच वेळ थांबलो. ती ओरडेल म्हणून थांबलो. एवढंच म्हणायचं होतं तिला, जे ती रोज म्हणायची, जे तिने तलावाच्या पाण्याला म्हटलं, हजारो हसणाऱ्या लोकांना म्हटलं.

भात निवून गेला असेल आता. फाट्यावर एस.टी.ची वाट बघत हे लिहितो आहे. पिशवी पायाशी आहे. मासा अजून हलतो आहे.